चुनडीचे तीन अंश

सुरतेतल्या नवागाममध्ये आमच्या गल्लीच्या तोंडाशी, विजेच्या दोन खांबांना बांधून माझा बॅनर लावला होता. फोटो बारावीच्या हॉलतिकिटावरचा, ताणून एवढा मोठा केलेला की नाकाचे चौकोन दिसत होते. शेजारी समाजाच्या अध्यक्षांचा फोटो, माझ्या दुप्पट. खाली लाल अक्षरांत लिहिलेलं, ‘विश्वाच्या जन्माचा शोध लावणारी आपल्या खान्देशची कन्या’. आणि त्याच्याही खाली साड्यांच्या सेलची जाहिरात, कारण छपाईचा खर्च त्या दुकानदाराने केला होता.

मी तो वाचला. मग रिक्षाच्या आडोशाला जाऊन थुंकले.

शोध मी लावला नव्हता. तो माझ्या जन्माच्या कितीतरी आधी लागून, पाठ्यपुस्तकात येऊन जुनासुद्धा झाला होता. आम्ही एम.एस्सी.ची पोरं कॉलेजच्या गच्चीवर तेच पुन्हा मोजून बघत होतो. आणि मोजलं होतं ते भलतंच. हे मला कळलं त्याच्या दुसऱ्या दिवशी हा बॅनर लागला. तेव्हा माझ्यापुढे प्रश्न एकच होता. त्या आकड्याखाली माझं नाव राहू द्यायचं की नाही?

आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. माझ्याआधी आमच्या घरातल्या कोणाचं नाव कुठे छापून आलं असेल तर ते मतदार यादीत. म्हणून मला माझ्या नावाचा माज आहे. आहे तर आहे.

आधी काय मोजत होतो ते सांगते, म्हणजे पुढची घाण नीट कळेल. विश्व सुरुवातीला भयंकर तापलेलं होतं. त्या तापलेपणाचा उजेड अजून विझलेला नाही, नुसता थंड होत होत आलाय. आता तो इतका थंड आहे की ज्याच्या खाली थंडीच नाही त्या शून्याच्या वर जेमतेम तीन अंश. डोळ्यांना दिसत नाही, रेडिओच्या यंत्राला कळतो. आणि त्याची खूण एकच, तो सगळीकडून सारखा येतो. वर बघा, उत्तरेला बघा, हजीऱ्याच्या कारखान्यांच्या चिमण्यांकडे बघा, तेवढाच.

माझ्या बापाला हे मी सांगितलं तेव्हा तो म्हणाला, “तं मग मन्हा कानमा बी तेच शे.” त्याने उभं आयुष्य खात्यात काढलं. यंत्रमागाच्या कारखान्याला सुरतेत खातं म्हणतात. तिथल्या खटखटीने त्याचे कान गेले, आणि आता कारखाना बंद असला तरी कानात एक सूं चालू असतो. तोंड कुठेही फिरवा, सूं तसाच. मी म्हटलं, “नाही बाबा, ते तुमच्या आतलं आहे.” तो हसला. “तुन्हा मशीनन्या आतलं नही कशावरून?”

तो थट्टा करत होता. पण आमचं सगळं काम नेमकं तेच होतं. आकडा यायचा मोठा, त्यात हवेची ऊब, जमिनीची ऊब, मोबाइल टॉवरची कटकट आणि यंत्राचा स्वतःचा आतला सूं. एकेक वजा करत जायचं. शेवटी जे उरेल ते विश्वाचं.

यंत्र म्हणजे पत्र्याचा एक मोठा चौकोनी भोंगा. डाइंग मिलांना हवेचे पाइप बनवून देणाऱ्या एका पत्रेवाल्याकडून तो करून घेतला होता. त्याचं तोंड एवढं की मी दोन्ही हात पसरले तर बोटं दोन्ही कडांना लागायची. मागच्या टोकाला टीव्हीच्या छत्रीवर असतं तसलं डबडं. आणि हे सगळं भंगारातून आणलेल्या मागाच्या सांगाड्यावर बसवलेलं. सांगाडा मी शोधून आणला होता, हे मुद्दाम सांगते, कारण नंतरच्या भाषणांत तो ‘विभागाने विकसित केला’ असं झालं. भोंगा आकाशाकडे धरायचा, मग थोडा वाकवायचा, मग आणखी. जितका वाकवाल तितकी जास्त हवा आड येते, आकडा चढतो, आणि त्या चढावरून हवेचा हिस्सा कळतो. रेडिओला रात्र लागत नाही. सूर्य चुकवून सकाळी नाहीतर दुपारी उत्तरेला तोंड करून काम चालायचं. सचिनच्या कारखान्यांकडून वारा सुटला की सडक्या अंड्यांचा वास यायचा. गच्चीच्या कोपऱ्यात कोणीतरी पुण्य म्हणून कबुतरांना रोज जुवार टाकायचं, त्यामुळे सगळी गच्ची विष्ठेने पांढरी. म्हणून भोंग्याच्या तोंडावर थर्माकोलचं झाकण बसवून दोरीने आवळलेलं असे. थर्माकोल या लहरींना काचेसारखा, आरपार. झाकण काढायची गरजच नसते.

पावसाळाभर काहीच नीट आलं नाही. ओल्या हवेत आकडे रोज वेगळे. मग दसरा आला.

सुरतेत दसऱ्याला यंत्राची पूजा होते. लहान खातं असो की मोठी मिल, प्रत्येक मशीनला कंकू, हार आणि एक लाल जरीची चुनडी, देवीला घालतात तसली ओढणी. ती चुनडी पुढच्या दसऱ्यापर्यंत काढत नाहीत, तेलाने काळी पडते तरी. मला त्यात काही वावगं वाटत नाही. ज्या मशीनवर घर चालतं तिला माणूस हात जोडतो. पण आमच्या विभागप्रमुखांची गोष्ट वेगळी. हे साहेब वर्गात आम्हाला अंधश्रद्धेवर तासभर ऐकवत, आणि त्यांनीच दसऱ्याला भोंग्याची पूजा ठेवली. फोटोवाला बोलावला. आमचे आईबाप बोलावले. फाफडा-जलेबी मागवली. आणि मला, मुलगी म्हणून, खाली प्लेटा भरायला बसवलं. माझा प्रोजेक्टमधला जोडीदार, रिंगरोडच्या साडीवाल्यांचा मुलगा, वर गच्चीवर साहेबांच्या शेजारी फोटोत. मी खाली फाफड्यासोबतचा कच्च्या पपईचा संभारा वाढत.

त्यामुळे वर काय झालं ते मला दिसलं नाही. बऱ्याच नंतर आईकडून कळलं ते असं. नारळ साहेबांनी फोडला. पत्र्यावर कंकवाचा साथिया, म्हणजे स्वस्तिक, साहेबांनी काढला. पत्रा दाखवायला झाकण उघडलेलं होतं, ते बघून माझी आई म्हणाली, “माय व, एवढं मोठं तोंड उघडं? नजर लागस मशीनले.” तिने पिशवीतून चुनडी काढली. आई घरी बसून साड्यांना आणि चुनड्यांना टिकल्या चिकटवते, त्यातलीच एक, तिच्याच हातची. ती तिने भोंग्याच्या तोंडावर पसरली. साहेब गुजरातीत घाला घाला म्हणू लागले, “मूको, मूको, बेन! माताजीना आशीर्वाद!” आणि साहेबांनीच चुनडीवरून झाकण बसवून दोरी आवळायला लावली.

दसऱ्यानंतर हवा कोरडी झाली आणि आकडे एकदम शहाण्यासारखे वागू लागले. रोज तेच. वर धरा, वाकवा, उत्तर, पूर्व, हवेचा हिस्सा काढला की मागे उरतं ते सगळीकडे सारखं. फक्त ते तीन नव्हतं, सहाच्या आसपास होतं.

“पतरा गरम होता है,” साहेब म्हणाले. “पतरा का तीन निकाल दो.”

“पत्र्याचं आपण मोजलेलं नाही सर.”

“अंदाज तो लगा सकते हैं ना, बेन?”

आणि त्यांनी पत्र्याच्या नावावर तीन लिहिले. सहातून तीन गेले, उरले तीन. साहेबांनी टाळी वाजवली. मला तेव्हाच ते खटकलं. पत्र्याला किती द्यायचे हे पत्र्याने सांगितलं नव्हतं, आम्हाला तीन हवे होते म्हणून त्याला तेवढे दिले होते. मी तसं बोलले. जोडीदार म्हणाला, “यार, तू हर चीज में धागा क्यों खींचती है?”

मी म्हटलं, “खींचने से ही पता चलता है कपड़ा कैसा है. तेरी दुकान में नहीं बताया किसी ने?”

कॉलेजच्या फाटकावर फ्लेक्स लागला, त्यावर आम्हा दोघांची आणि साहेबांची नावं, आणि मधोमध भलामोठा तीनचा आकडा. समारंभ ठरला. पाहुणे गच्चीवर यंत्र बघायला येणार, म्हणून आदल्या आठवड्यात मला सांगण्यात आलं की भोंगा पुसून ठेव. पुसायचं काम आलं की माझी आठवण व्हायचीच.

दोरी सोडली, झाकण उचललं आणि तो वास आला. आत ओल धरलेली चुनडी. तिच्यावर पालीच्या लेंड्या, मेलेले किडे, आणि या शहरात सगळ्यावर बसतो तो यार्नचा राखाडी भुसा. कंकू ओघळून त्याचे तपकिरी डाग झालेले. मी दोन बोटांनी ती उचलली आणि किनारीच्या टिकल्यांवरून लगेच ओळखलं. आई दोन टिकल्यांमध्ये नेहमी एक छोटी जागा सोडते, गोंद वाचवायला.

ही जरी म्हणजे चांदी-बिंदी काही नसते. प्लास्टिकच्या पातळ पट्टीवर धातूचा मुलामा, तिचाच धागा. सुरतेत हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. आणि धातू त्या लहरींच्या आड येतो, हे भौतिकशास्त्र शिकलेल्याला ठाऊक असतं. मी झाकण नुसतं परत लावलं, चुनडी न घालता, आणि मोजलं. हवेचा हिस्सा काढला, साहेबांचे पत्र्याचे तीन काढले. उरलं शून्य. चुनडी घातली, तीन. काढली, शून्य. परत घातली, तीन. दुपार सगळी मी तेच करत बसले, कबुतरांच्या घाणीत मांडी घालून.

हिशोब साधा होता. चुनडी येणाऱ्यातला शंभरावा भाग अडवत होती आणि त्या जागी स्वतःच्या उबेचा शंभरावा भाग मिसळत होती. त्या शून्यापासून मोजलं तर आपल्या गच्चीवरची कुठलीही वस्तू तीनशे अंशांवर असते. तीनशेचा शंभरावा भाग तीन. आणि चुनडी भोंग्याच्या तोंडालाच बांधलेली, म्हणून भोंगा कुठेही वळवा, ती सोबत. सगळीकडून सारखी. अगदी विश्वासारखी.

म्हणजे सहापैकी तीन चुनडीचे. उरलेले तीन, जे आम्ही पत्र्याचा दोष म्हणून फेकून दिले, ते कदाचित खरे असतील. कदाचितच म्हणते. ज्याचा शोध घ्यायचा तेच कचऱ्यात टाकलं होतं, आणि आईच्या टिकल्यांच्या कापडाला विश्वाची सुरुवात म्हणून फाटकावर टांगलं होतं.

मला आधी हसू आलं. ते गच्चीवरून खाली उतरेपर्यंत टिकलं.

साहेब खमण खात होते. मी चुनडी त्यांच्या टेबलावर ठेवली. त्यांनी प्लेट बाजूला सरकवली आणि नाकाला रुमाल लावला. मी सगळं सांगितलं. त्यांनी ते पूर्ण ऐकलं, एवढं त्यांच्या बाजूने सांगायला हवं. मग म्हणाले, “त्रण आव्युं ने, बेन? पछी शुं? फिर क्या है?”

“तीन आले, पण ते चुनडीचे आहेत सर.”

“चुनडी भी तो ब्रह्मांड में ही है ना!” आणि ते स्वतःच्या विनोदावर हसले. ओठाला कोथिंबीर चिकटलेली. “देखो, सच क्या है? सच तीन है. दुनिया को मालूम है तीन है. हमने भी लिखा तीन. इसमें झूठ कहाँ है, मुझे बताओ.”

यालाच मी किळस म्हणते. ढळढळीत खोटं असतं तर मी भांडले असते. हे तसं नव्हतं. बरोबर उत्तर होतं, दुसऱ्याच्या पेपरातून उचललेलं, आणि त्यावर आमच्या यंत्राचा शिक्का.

“तीन माहीतच होतं, तर गच्चीवर कशाला चढलो आपण?” मी म्हटलं.

“डिग्री के लिए,” साहेब म्हणाले. त्यांनी चमच्याने चुनडी टेबलावरून खाली ढकलली. हात नाही लावला. “रिपोर्ट पर सही कर दो. आगे पीएचडी के लिए सिफारिश की चिठ्ठी मुझसे ही लिखवानी है ना तुमको?”

मी चुनडी जमिनीवरून उचलली आणि सही न करता निघून आले. दुसऱ्या दिवशी नवागाममध्ये तो बॅनर.

घरी सांगितलं तेव्हा बाप जेवत होता. त्याला सगळं दोनदा, ओरडून सांगावं लागलं. शेजारच्या खोल्यांनाही कळलं असणार. बाप म्हणाला, “तीन उना ना? मंग गप बस ना. आकडा बरोबर शे, तं भांडस कसाले?”

सही कर म्हणणारा साहेब आणि गप बस म्हणणारा बाप, दोघांचं वाक्य एकच. साहेबाची किळस आली, बापाचं वाईट वाटलं. त्याने समारंभासाठी पांढरा शर्ट धोब्याकडे टाकला होता. खात्यातल्या सगळ्यांना सांगून झालं होतं. अध्यक्ष येऊन आईच्या हातचा चहा पिऊन गेले होते, आणि जाताना म्हणाले होते, पोरीच्या लग्नाला आता चांगली स्थळं येतील. विश्वाच्या जन्माचा त्यांना कळलेला अर्थ एवढाच.

धुतलेली चुनडी मोरीवरच्या दोरीवर वाळत होती, आई तिच्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, “मन्हामुये गयं का व तुन्हं?”

“तुझ्यामुळे काही गेलं नाही. त्या सगळ्या उद्योगात खरोखर मोजली गेली असेल तर फक्त तुझी चुनडी.”

“किती भरनी?”

“तीन.”

तिने मान हलवली. तिला ते बरं वाटलं की वाईट, मला आजही माहीत नाही.

मी स्वतः जाऊन सांगायचं ठरवलं. समारंभाच्या आधी विभागात सगळ्या प्राध्यापकांची बैठक होती, तिथे मी उभी राहिले आणि चुनडी घालून, चुनडी काढून आलेले आकडे फळ्यावर मांडले. जोडीदार खिडकीबाहेर बघत होता. कोणी प्रश्न विचारला नाही. खोलीत सगळे शिकवणारे, आणि एकालाही विचारावंसं वाटलं नाही. एकाने घड्याळ बघितलं. मग साहेब उठले आणि अतिशय दुःखी चेहऱ्याने म्हणाले, “क्या करें? लड़की होशियार है. लेकिन घर का संस्कार. माँ अनपढ़ है, मशीन पर कपड़ा डाल गई. ये लोग समझते नहीं हैं.”

ये लोग!

“सर,” मी म्हटलं, “नारळ कोणी फोडला होता?”

कोणीतरी खोकलं.

“साथिया कोणी काढला? झाकण कोणी आवळलं? माझी आई अनपढ आहे, तिने भोंगा म्हणजे काय हे माहीत नसताना कापड घातलं. तुम्हाला माहीत होतं. तुम्ही ‘मूको, मूको’ म्हणालात.” मी खडू खाली ठेवला. “माझं नाव काढा. रिपोर्ट मी वेगळा देईन.”

समारंभ झालाच. तीनचा आकडा तसाच, पाहुणे आले, शाली आल्या. फक्त माझं नाव घेतलं नाही. मी घरी होते. बाप पांढरा शर्ट घालून ओट्यावर बसला होता, कारण तो दुसरं काय घालावं ते ठरवू शकला नव्हता. तेव्हा मी त्याला बैठकीतलं सांगितलं. आधी सांगितलं नव्हतं. आईबद्दल काय म्हणाले तेही.

“काय म्हने तो?” त्याने कानाला हात लावला.

मी परत ओरडून सांगितलं. “म्हणाला, माँ अनपढ़ है. ये लोग समझते नहीं हैं.”

आई आत टिकल्या लावत होती, तिचा हात थांबला. बापाने खिशातून धागे कापायची छोटी कातर काढली. सुट्टीच्या दिवशीही ती त्याच्या खिशात असते. तो गल्लीच्या तोंडाशी गेला, पानवाल्याच्या स्टुलावर चढला आणि बॅनरच्या दोऱ्या कापल्या. अध्यक्षांच्या माणसाने विचारलं, “काका, काय झालं?” बाप म्हणाला, “मन्ही पोर शे. मी उतारी राह्यनू.” त्याने बॅनर गुंडाळून आणला आणि आमच्या गळक्या पत्र्यावर उलटा टाकून विटा ठेवल्या. फ्लेक्सचा कपडा मजबूत असतो. अजून तिथेच आहे. माझं तोंड आणि अध्यक्षांचं तोंड, दोन्ही पत्र्याकडे.

माझ्या रिपोर्टात मी लिहिलं की आमच्या यंत्राने विश्वाच्या उजेडाबद्दल काहीही सांगता येत नाही. पत्र्याचा हिस्सा मोजल्याशिवाय शून्यही खरं असू शकतं, तीनही आणि मधलं काहीही. साहेबांनी पास होण्यापुरते मार्क दिले. चिठ्ठी दिली नाही. मी एका खाजगी शाळेत शिकवते आणि परीक्षा देऊन स्वतःच्या बळावर पीएचडीची जागा मिळवायची म्हणते. मिळेल. नाही मिळाली तर पुन्हा देईन.

मार्कशीट आणायला गेले तेव्हा फाटकावर फ्लेक्स तसाच होता. माझ्या नावावर त्यांनी पांढरी चिकटपट्टी मारली होती, ती उन्हाने सुटून लोंबत होती. माझं नाव पुन्हा स्पष्ट दिसत होतं, त्या तीनच्या खाली. मी वॉचमनकडे खुर्ची मागितली.

“क्या लगाना है, मैडम?”

“लगाना नहीं. निकालना है. नाम.”

“किसका?”

“मेरा.”

त्याने खुर्ची धरली. शाई निघत नव्हती. नखांनी, मग किल्लीने खरवडत राहिले. एकेक अक्षर भुरभुरीत होऊन माझ्या बोटांना चिकटत गेलं. त्या रंगाला घासलेट आणि गोंद यांच्यामधला एक वास असतो. घरी येऊन दोनदा साबण लावला, तरी त्या दिवशी जेवताना उजव्या हाताला तो वास येत होता. मी डाव्या हाताने जेवले.